तुमचं पत्र, माझं उत्तर : ‘बोल, बोल’ म्हणणं थांबवलं तेव्हा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन लहान मुलांच्या बोलण्याविषयी आहेत. मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. मालवणात राहणारी, सात वर्षांपूर्वी आपल्या पावणेतीन वर्षांच्या मुलाला स्पीच थेरपीला घेऊन गेलेली आई आहे. तेव्हा जे भोगलं, शिकले आणि पुढे विचारून-वाचून जे कळलं, त्याच्या बळावर लिहिते. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा आहे. ‘आई’, ‘बाबा’, ‘भू’ आणि ‘दे’ एवढंच बोलतो. कळतं सगळं. चपला आण म्हटलं की आणतो, हवं ते बोटाने दाखवतो, हाक मारली की बघतो. डॉक्टरांनी कानाची तपासणी आणि स्पीच थेरपी सुचवली आहे. सासूबाई म्हणतात, ह्याचो बापूस चार वर्सांचो होईपर्यंत बोलाक नव्हतो, जरा दम धर. त्यांनी देवीला नवसही बोलला आहे. एकीने सांगितलं, घरात मालवणी बोलता म्हणून पोर गोंधळलंय, शुद्ध मराठी बोला. भांडं पडलं की तो वळतो, टीव्ही लावला की धावत येतो, मग कान कशाला तपासायचे? पुढच्या बुधवारी थेरपीची पहिली वेळ आहे. मी त्याला जेवताना मोबाईल द्यायचे, त्यानेच हे झालं का? रात्र रात्र झोप लागत नाही. – एक आई, आचरा

उत्तर : ताई, वयाने तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असाल, म्हणून हक्काने सांगते. बुधवारी जा. बाकी सगळं त्यानंतर.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्या खोटं बोलत नाहीत. काही मुलं खरंच उशिरा बोलतात आणि मग आपसूक बरोबरीला येतात. पण आपलं मूल त्यांतलं आहे की नाही, हे घरात बसून कुणालाच सांगता येत नाही. आम्हांलाही एका डॉक्टरांनी ‘मुलगा आहे, तीन वर्षांपर्यंत थांबा’ म्हणून परत पाठवलं होतं. आम्ही थांबलो. ते आठ महिने मला आजही खुपतात. साधारण दोन वर्षांचं मूल पन्नासेक शब्द वापरतं आणि दोन शब्द जोडायला लागतं, ‘बाबा इलो’ (बाबा आले), ‘पाणी दे’ असे. तुमच्या बाळाकडे चार शब्द आहेत, म्हणजे तपासायला हवं. जे मूल आपसूक बोललं असतं, त्याचं थेरपीने काही बिघडत नाही. ज्याला मदतीची गरज होती, त्याचे महिने मात्र वाया जातात. नवस फेडायचा तेव्हा फेडा, देवीच्या पाया पडा, आणि बुधवारची बसही चुकवू नका.

तुमच्या पत्रातल्या काही गोष्टी चांगल्या आहेत. तो हाकेला बघतो, बोट दाखवतो, सांगितलेलं करतो. या तिन्ही गोष्टी थेरपिस्ट पहिल्याच दिवशी विचारतील. हाक मारल्यावर न बघणं, बोट न दाखवणं, डोळ्यांत डोळे न घालणं, किंवा आधी येत असलेले शब्द गळून जाणं, यांपैकी काही असतं तर मी तुम्हांला थेरपीआधी बालरोगतज्ज्ञांकडे पिटाळलं असतं. शब्द गळायला लागले तर एक दिवसही थांबायचं नसतं. हे तुमच्यासाठी नाही, हे पान वाचणाऱ्या दुसऱ्या कुणा आईसाठी लिहून ठेवते.

आता कान. टोपाचं झाकण पडलं की वळतो, म्हणजे ऐकू येतं, असं मीही म्हणायचे. पण झाकणाचा आवाज मोठा असतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ हे आवाज अगदी बारीक. मुलाला ढोल ऐकू येऊ शकतो आणि ‘साखर’मधला ‘सा’ निसटू शकतो. जे नीट कानावर पडत नाही ते तोंडात कुठून येणार? म्हणून कान तपासणं हा थेरपीचा पाया आहे. बुधवारी जाच, पण कान न तपासता नुसती थेरपी चालू ठेवू नका.

एवढ्या लहान मुलाची बेरा नावाची चाचणी करतात. मूल झोपलेलं लागतं. कपाळावर आणि कानामागे छोट्या चकत्या चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात, आणि तो आवाज कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्र टिपून घेतं. दुखत नाही, सुई नसते. काही ठिकाणी झोपेचं सिरप देतात. आमच्या वेळी आम्ही त्यासाठी कोल्हापूर गाठलं. इथली बरीच माणसं बांबोळीला गोव्याच्या मेडिकल कॉलेजातही जातात. आम्हांला सांगितलं होतं, मुलाला पहाटे उठवा आणि वाटेत झोपू देऊ नका. पहाटे चारला उठवलेलं पोर फोंडाघाटात डोळे मिटायला लागलं. मी त्याचे तळपाय ओल्या फडक्याने पुसत होते, याचे बाबा पुढच्या सीटवरून वळून टाळ्या वाजवत होते, आणि मधूनच आम्ही दोघं एकमेकांकडे बघून गप्प होत होतो. उजवा कान उत्तम निघाला. डाव्या कानाच्या पडद्यामागे सर्दीचं पाणी साचलेलं होतं. औषधं झाली, महिन्याने पुन्हा तपासलं, ठीक आलं. आपल्याकडे पावसाळाभर पोरांची नाकं वाहत असतात. कानात पाणी साचलं की मुलाला सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं अस्पष्ट ऐकू येतं, आणि ते त्याला सांगता येत नाही. म्हणून सर्दी लांबली की कान दाखवत जा.

बुधवारी काय होईल, तेही सांगते, कारण मी गेले तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं.

आम्ही कुडाळला जायचो, आठवड्यातून एकदा, मालवण-कुडाळ एसटीने. जूनचा पहिला आठवडा होता. याचे बाबा यांत्रिक होडीवर आहेत, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून तेही बरोबर आले. छोटी खोली, खाली चटई. मला वाटलं होतं, थेरपिस्ट मॅडम त्याला समोर बसवून चित्रं दाखवतील आणि ‘बोल, हे काय?’ म्हणतील. त्या चटईवर बसल्या. त्याच्याशी बोलल्याही नाहीत. आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात चावीचं बेडूक ठेवलं, झाकण घट्ट लावलं आणि डबा त्याच्यासमोर सरकवला.

त्याने झाकण ओढलं. निघेना. डबा आपटला. मग माझ्याकडे आणला. माझा हात पुढे गेला, तर मॅडमनी नुसती मान हलवली. मग त्याने डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि झाकणाकडे बघत राहिला. त्या गप्प. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मी मनात सतरापर्यंत मोजलं होतं, अजून आठवतं. मग त्याने मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्याच क्षणी त्या म्हणाल्या, “उघड!” आणि झाकण उघडलं. पुन्हा बेडूक आत, पुन्हा झाकण. पाऊण तास हेच. मी बाहेर येऊन याच्या बाबांना म्हटलं, एवढ्यासाठी आपण एवढ्या लांब आलो?

ताई, त्या पाऊण तासात तो काय शिकत होता ते मला पुढे महिन्याने कळलं. तोंडाकडे बघितलं की काहीतरी घडतं. माणसाकडून काही हवं असेल तर माणसाकडे वळायचं. शब्द त्याच्यानंतर येतो. आणि खरं शिक्षण त्या दिवशी त्याचं नव्हतं, माझं होतं. आठवड्यातला पाऊण तास मॅडमचा, उरलेला सगळा आठवडा माझा.

आता माझी एक चूक सांगते. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणूनच हे उत्तर इतकं लांबवलं आहे. थेरपी सुरू होण्याआधी दोन महिने मी ‘बोल’चा धोशा लावला होता. कुणीतरी सांगितलं होतं, मागितल्याशिवाय देऊ नकोस, म्हणजे बोलेल. तो पाण्याच्या कळशीकडे बोट दाखवायचा आणि मी पेला हातात धरून म्हणायचे, “पाणी बोल. पा-णी. बोल, मगे देतंय.” आधी तो रडायचा. मग रडायचा थांबला. मला वाटलं, सवय लागतेय. एके दुपारी तो दिसेना म्हणून शोधत गेले, तर न्हाणीत बादलीशी उकिडवा बसून ओंजळीने पाणी पीत होता. मला बघून हात मागे लपवले. त्याने बोलायला सुरुवात केली नव्हती, माझ्याकडे मागणं बंद केलं होतं.

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा मला रडू आवरलं नाही. त्या म्हणाल्या, अडवणं वेगळं आणि थांबणं वेगळं. अडवणं म्हणजे बरोबर शब्द आला तरच देणं. थांबणं म्हणजे त्याला वळायला, बघायला, काहीतरी करायला वेळ देणं, आणि त्याने काहीही केलं, नुसती नजर, नुसता हात, नुसतं ‘अं’, तरी लगेच देणं आणि देताना तो शब्द आपण म्हणणं. आणि पाण्यावर, जेवणावर कधी परीक्षा नाही.

आमच्या घरात हे खोबऱ्यावर जमलं. मी आडाळीवर, म्हणजे विळीवर, नारळ खवायला बसले की तो यायचाच. मी खवता खवता न बघता त्याच्या तळहातावर चिमूटभर टेकवायचे. त्याने मागायची कधी वेळच आली नव्हती. आता मी खवायचं थांबवून खोबऱ्याची चिमूट माझ्या तोंडाशी धरून त्याच्याकडे बघायला लागले. मनात दहा आकडे. पहिल्या दिवशी त्याने माझं मनगट ओढलं. मी म्हटलं, “खोबरा!” आणि दिलं. दुसऱ्या दिवशी तेच. मग तो ओढण्याआधी बघायला लागला. अकराव्या दिवशी त्याने माझ्या ओठांकडे बघत घसा ताणून म्हटलं, “खो.” नारळाची कवड माझ्या हातातून सुटली. मी पुन्हा म्हणायला लावलं नाही, ‘खोबरा म्हण’ असं दुरुस्तही केलं नाही. “खोबरा! घे खोबरा!” एवढंच. ‘खो’ हा शब्दच आहे. त्याच वस्तूसाठी प्रत्येक वेळी तोच आवाज आला की तो शब्द धरायचा. तुमच्या बाळाचा ‘भू’ही शब्द आहे, तो चारांत मोजलात ते बरोबरच केलंत.

भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत मी नवा शब्द लिहून ठेवायचे. जूनचं पान जवळजवळ कोरं आहे. जुलैत ‘खो’, ‘बश’ म्हणजे बस, आणि ‘नाय’. त्या दोन महिन्यांत मी शेजारच्या, नात्यातल्या त्याच वयाच्या पोरांचं बोलणं ऐकून घरी येऊन रडायचे. चतुर्थीपर्यंत चौदा शब्द झाले. मग एके दिवशी धामापूरच्या तलावाजवळून बस जात असताना त्याने खिडकीला बोट लावून म्हटलं, “पाणी इला.” दोन शब्द, एकमेकांना जोडलेले. कंडक्टरने वळून बघितलं, कारण मी मोठ्याने ‘व्हय रे बाबू, पाणी इला!’ म्हणून ओरडले होते.

मालवणीचं विचारलंत, त्याचं उत्तर या ‘इला’मध्येच आहे. आमच्या मॅडम घाटावरच्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, घरात कसं बोलता? मी शरमेने म्हटलं, मालवणी, पण आता शुद्ध बोलायला लागलोय. त्या म्हणाल्या, मुळीच नको. कागद काढला आणि माझ्याकडून शब्द लिहून घेतले. व्हया (हवं), नको, हंय (इथे), खंय (कुठे), इलो, गेलो. त्यांच्या वहीत ते आजही असतील. पुढच्या आठवड्यापासून त्या त्याच्याशी ‘व्हया?’ म्हणून बोलायला लागल्या. घरात दोन भाषा किंवा दोन बोली असल्याने मुलाला वाचादोष होत नाही. ज्याला अडचण असते त्याला ती दोन्ही भाषांत असते, आणि ती दुसऱ्याच कारणाने असते. उलट ‘शुद्ध’ बोलायचं ठरवलं की काय होतं, ते मी त्या आधीच्या दोन महिन्यांत बघितलं होतं. मी कमी बोलायला लागले. जे बोलायचे ते हुकूम असायचे, ‘इकडे ये’, ‘खाली बस’. आणि सासूबाई तर त्याच्याशी बोलायच्याच बंद झाल्या, आपल्यामुळे पोर बिघडेल म्हणून. दिवसभर गोरवांशी, कोंबड्यांशी, देवाशी बोलणारी बाई नातवासमोर गप्प. त्या पुन्हा बोलायला लागल्या तेव्हा घरात आवाज आला. तुमच्या सासूबाईंना हेच काम द्या. खळ्यात बसून जे दिसतं ते त्यांच्या बोलीत सांगत राहायचं. ‘कावळो इलो. कावळो बसलो. उडालो!’ प्रश्न विचारायचे नाहीत. ‘ह्या काय? ता काय?’ ही परीक्षा झाली.

आणखी एक, जे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं. मार्गशीर्षात आमच्या गावच्या जत्रेला गेलो. देवळात गाऱ्हाणं सुरू होतं. तुम्हांला माहीतच आहे, मानकरी म्हणतात, “बा देवा म्हाराजा…”, एकेक मागणं घालतात, जरा थांबतात, आणि सगळा गाव म्हणतो, “व्हय म्हाराजा!” पुन्हा मागणं, पुन्हा थांबणं, पुन्हा “व्हय म्हाराजा!” तो बाबांच्या खांद्यावर होता. सहा-सात वेळा ऐकल्यावर मानकरी थांबले त्या रिकाम्या क्षणात गावाच्या आधी वरून बारीक आवाज आला, “म्हाजा!” लोक हसले, पुढच्या वेळी मानकरी मुद्दाम जरा जास्त थांबले. मी मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मी जे करते तेच तुमचं गाऱ्हाणं करतं. तेच तेच शब्द, ठरलेला ठेका, आणि मग रिकामी जागा. मूल त्या रिकाम्या जागेत पाय ठेवतं. त्यानंतर आम्ही घरात सगळ्याचं गाऱ्हाणं केलं. आंघोळीला, पेज भरवताना, दिवा लावताना. ठरलेली ओळ म्हणायची आणि शेवटचा शब्द गिळून थांबायचं.

मोबाईलबद्दल. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली सांगितलं, ते असं की दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा अजिबात नको, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, आणि दोन ते पाचपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत. म्हणून जेवतानाचा मोबाईल आजपासून बंद करा. चार-पाच दिवस तो आकांत करेल, मग निवेल. पण ‘त्यानेच झालं का’ म्हणून जागू नका. नेमकं एकच कारण सापडतं असं क्वचितच होतं. मोबाईलचं नुकसान असं की तेवढा वेळ घरातलं बोलणं बंद पडतं. तो वेळ परत मिळवता येतो.

बरोबर नेण्यासारखं सांगते. त्याचे जन्माचे कागद, म्हणजे वजन, कावीळ झाली होती का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, ते सगळं. तो जे काही आवाज काढतो आणि कशासाठी काढतो, त्याची यादी घरच्या सगळ्यांना विचारून लिहा. आजोबांना ऐकू येतात ते आवाज आईला येत नाहीत, असं पुष्कळदा होतं. घरी तो नेहमीसारखा खेळतानाचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ घ्या, कारण नव्या खोलीत मुलं मुकी होतात. त्याच्या झोपेची वेळ टाळा, पोट भरून न्या. आणि संकोच न करता थेरपिस्टना त्यांचा नोंदणी क्रमांक विचारा. १९९२च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असावी लागते. पदवी बहुधा बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचाराची असते, इंटर्नशिप धरून चार वर्षांची. चांगल्या थेरपिस्टना हा प्रश्न विचारल्याचा राग येत नाही.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण असतोच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या कोकणातल्याच पालघरहून सुरू झाला. त्यातले डॉक्टर वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येतात, आणि बोलण्या-ऐकण्यात मागे असलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तिथली तपासणी आणि उपचार मोफत आहेत. अंगणवाडीताईंना सांगून त्याचं नाव घालून ठेवा आणि वाचा उपचारतज्ज्ञ कोणत्या वारी भेटतात ते आधी फोनवर विचारून मगच निघा. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला हेलपाटा पडला की दिवसाची मजुरी जाते.

प्रश्न : नात साडेचार वर्षांची आहे. भरपूर बोलते, पण ‘काका’ला ‘ताता’, ‘गाडी’ला ‘दाडी’ म्हणते. बालवाडीत मुलं चिडवतात, म्हणून आता तिथे तोंड उघडत नाही. कुणी म्हणतं जिभेची तार कापा, कुणी म्हणतं वेखंड उगाळून चाटवा. – एक आजोबा, गुहागर

उत्तर : आजोबा, तुम्ही लहानपणी वर्णमाला म्हटली असेल. क-वर्ग कंठ्य, त-वर्ग दंत्य. तुमच्या नातीचं दुखणं तेवढ्यातच आहे. ‘क’, ‘ग’ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलावा लागतो, ती त्याऐवजी टोक दातांना लावते, म्हणून कंठ्याचं दंत्य होतं. आणि जिभेची तार असते पुढे, टोकाखाली. जीभ ओठांबाहेर येत असेल, वरच्या ओठाला लागत असेल, तर तार कापून ‘क’ येणार नाही. वेखंड तर नकोच, त्याने मुलांना उलट्या होतात आणि जिभेला वळण लागत नाही.

‘क’चा ‘त’ बहुतेक मुलं साडेतीन-चारपर्यंत आपोआप सोडतात. तिने सोडलेला नाही आणि ती गप्प बसायला लागली आहे, म्हणून आता थेरपिस्टना दाखवा. (‘र’ आणि ‘ळ’ उशिराच येतात, त्यांच्या मागे आता लागू नका.) असं बोबडेपण थेरपीने बहुधा छान सुधारतं. माझ्या मुलाचाही ‘क’ असाच अडला होता. मॅडमनी त्याला कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, घशाशी काय हलतं ते कळावं म्हणून. मग चटईवर उताणं झोपवून ‘क’ म्हणायला लावलं, कारण झोपल्यावर जीभ आपसूक मागे पडते.

तुमच्यासाठी घरचं काम आहे आणि ते आजोबांनाच जमेल. ‘काप’ आणि ‘ताप’, ‘गार’ आणि ‘दार’ अशा जोड्यांची चित्रं काढा. पहिले काही दिवस तुम्ही बोला आणि तिने नुसतं बोटाने चित्र ओळखायचं. आधी कानाला फरक कळू दे. ती ‘दाडी’ म्हणाली की ‘चूक’ म्हणू नका, ‘हो, गाडी आली, लाल गाडी’ असं म्हणून पुढे चला. आणि बालवाडीच्या बाईंना स्वतः जाऊन भेटा. वर्गातलं हसणं त्याच थांबवू शकतात, आणि ते थेरपीइतकंच गरजेचं आहे.

प्रश्न : मी नोकरीसाठी नालासोपाऱ्यात, बायको-मुलगी देवगडजवळ गावी. मुलगी तीन वर्षांची, दोन महिन्यांपूर्वी थेरपी सुरू झाली. रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो, ‘बाबा बोल’ म्हणतो, ती पळून जाते. लांबून मी काय करू? – एक चाकरमानी

उत्तर : भाऊ, ती तुमच्यापासून पळत नाही, ‘बोल’पासून पळते. वर आचऱ्याच्या ताईंना लिहिलेलं वाचा. उद्या फोन लागला की काही मागू नका. तुमचा जेवणाचा डबा दाखवा. झाकण लावलेलंच. फोनसमोर धरा, हलवा, आणि गप्प बसा. ती जवळ आली, बघितलं, ‘अं’ केलं की उघडा आणि म्हणा, ‘भात!’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच डबा. फडक्याआड तोंड लपवा आणि थांबा. पाच मिनिटं पुरेत. ती कंटाळण्याआधी तुम्हीच बंद करा. नेटवर्क अडकलं आणि चेहरा थिजला तर फोन ठेवून पुन्हा लावा, थिजलेल्या चेहऱ्याशी लहान मुलं खेळत नाहीत.

बायकोला रोज ‘आज काय बोलली?’ विचारू नका. माझे यजमान बंदी उठल्यावर होडीवर गेले की रात्री फोनवर हेच विचारायचे, आणि ज्या दिवशी सांगण्यासारखं काही नसायचं त्या दिवशी मला नापास झाल्यासारखं वाटायचं. ‘आज काय खेळलात?’ असं विचारा.

एकदा पूर्ण तपासणी करून घ्यायची असेल तर मुंबईत वांद्र्याला रिक्लमेशनजवळ अली यावर जंग राष्ट्रीय वाचा व श्रवण संस्था आहे. केंद्र सरकारची, १९८३ पासूनची. तुम्ही जवळच आहात, तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी नव्हे, कामाच्या दिवशी जाऊन नावनोंदणीची पद्धत आणि पुढची तारीख विचारून या. बायको-मुलीला मुंबईला बोलवायचं ते तारीख हातात आल्यावर.

आणि गणपतीला गावी याल तेव्हा मुलीची थेरपी कोणत्या वारी असते ते आत्ताच विचारून घ्या. रजा त्या वाराला धरून टाका, आणि आत चटईवर तुम्ही बसा. तो एक दिवस बायकोला बाहेर बाकावर निवांत बसू द्या.